रामहरी आजोबांची समाधी सापडल्याबद्दल

भिगवण

ती. रविंद्रदादा यांना ऋषिराजचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. वहिनींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का, ते कळवा. फोनवर तुम्ही "थोडक्यात सांग" म्हणता आणि वंशावळीचं काम थोडक्यात होत नाही, म्हणून पत्र.

रंगुआत्याला डोळे मिटण्याआधी एकदा वडिलांच्या समाधीवर डोकं टेकायचं होतं. समाधी जुन्या पळसदेवात आणि जुनं पळसदेव धरणाच्या पाण्यात. मी आधी इंदापुरात मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. (तिथे आजोबांच्या नावाचे दोघे निघाले. दुसऱ्यांचीही मी संपूर्ण माहिती काढली, अर्धवट काम मला जमत नाही. त्यांना दम्याचा त्रास होता.) यंदा उन्हाळ्यात पाणी ओसरलं तसा गाळात उतरलो. एक चप्पल तिथेच राहिली. शेवटी आपल्या जुन्या बांधापलीकडे एक दगड सापडला. दात घासायच्या ब्रशने घासला, तर "कै. रा" एवढी अक्षरं निघाली, पुढची पाण्याने खाल्लेली. मी जागीच लोटांगण घातलं. (शर्ट धुवायला टाकलेला आहे.)

मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची बांधून आत्याला नेलं. हार, नारळ, पेढे, सगळं रीतसर. आत्या दगडाला मिठी मारून अशी रडली, की मलाही आजोबांची आठवण दाटून आली (मी त्यांना पाहिलेलं नाही). शेजारी गाळात कलिंगडं लावणाऱ्या गोजरबाई आरती संपेपर्यंत हात जोडून उभ्या होत्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लई मोठं मन हाय तुमचं. आमच्या राजासाठी आता कोण येतंय?"

"राजा कोण?"

"आमचा बैल. मामंजींनी समाधी बांधली त्याची."

दादा, आत्याचं वय आणि रक्तदाब पाहता हे कुणालाही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. परतीच्या वाटेवर उसाच्या भावाबद्दल बोलत राहिलो. भिगवण आलं तशी आत्याच म्हणाली, "ऋषी, दगड म्या बघताक्षणी वळखला. आबांची समाधी हिरीच्या अंगाला व्हती, ती गेली गाळात. ह्यो राजा. वासरू व्हता तवापासनं म्या चारला. माझ्या लग्नापायी आबांनी गोजरबाईच्या सासऱ्याला इकला त्याला. जाताना भेटू बी दिलं न्हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"आबांना मी घरातनं बी हात जोडते. ह्याचंच राहिलं व्हतं."

मला पुढे उसाचा भाव काही सुचेना.

आपला,
ऋषिराज

ता. क. : गोजरबाई बोलायच्या आधीच मी फोटो "आजोबांचं चिरविश्रांतिस्थान" म्हणून घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली आहे. मला आता तो खोडता येत नाही. ॲडमिन तुम्ही आहात. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच.

ता. क. २ : ग्रुपवर त्या फोटोखाली राजलक्ष्मीने लिहिलंय, "जन्मभर ओढत राहिले, पण कधी तोंडातून शब्द काढला नाही." तेवढी ओळ राहू द्या. मी तपासली, बरोबर आहे.