दोन माणसांची ट्राउट स्पर्धा

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. सुरू करायचं कारण एवढंच, की यंदाची ट्राउट मासे धरायची स्पर्धा मी जिंकणार आहे, आणि जिंकल्यावर लोक विचारतात तयारी कशी केलीस. तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

स्पर्धा २९ तारखेला. फ्लोरिडाच्या आमच्या या कोपऱ्यात समुद्र खोल व्हायचं नावच घेत नाही. किनाऱ्यापासून तीन मैल आत गेलं तरी पाणी कमरेएवढं आणि खाली नुसतं गवत. त्या गवतात ट्राउट असतो. त्याच्या मनात काय चाललंय ते माझ्याइतकं गावात कुणाला कळत नाही. गेली एकोणीस वर्षं मी आणि पर्विस जोडीने उतरतो आणि एकदाही जिंकलेलो नाही, पण ते पर्विसमुळे.

बायको, नेडीन, अजून थॉमसविललाच, बहिणीकडे. ग्लेंडाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून गेली, त्याला आठ आठवडे झाले. गुडघ्याला वेळ लागतो.

४ मार्च, मंगळवार

फॉर्म घेऊन पर्विसकडे गेलो. तो अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. म्हणाला, या वर्षी मेव्हण्याबरोबर नाव दिलंय. मेव्हणा म्हणजे डेल्मास. डेल्मासला गळाची काठी कुठल्या टोकाला धरायची हे माहीत नाही. मी तसं बोलून दाखवलं.

पर्विसने जाळ्यातून मान वर काढली नाही. "लमार," म्हणाला, "डेल्मास बोलत नाही."

याचा अर्थ मला नीटसा लागला नाही. बोटीत कुणीतरी सूचना द्यायलाच हव्यात. एकोणीस वर्षं दिल्या, फुकट दिल्या.

निर्णय: यंदा एकट्याने.

त्याच दिवशी, दुपारी

नियम वाचले. बोटीत दोन माणसं लागतातच. फॉर्मवर दुसरं नाव नेडीन स्टालवी असं लिहून टाकलं. एकतीस वर्षांच्या संसारात तिला एकदाही मासेमारीला नेलं नाही. किती खूश होईल.

७ मार्च, शुक्रवार

मिस रोएटाच्या आमिषाच्या दुकानात फॉर्म दिला. मिस रोएटाचं वय एक्याऐंशी, स्पर्धेचा सगळा कारभार तिच्याकडे. तिने नाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि नेडीनला हे माहीत आहे का म्हणून विचारलं. म्हटलं, सांगायचंय.

सध्या ट्राउट जिवंत झिंग्याला लागतोय, वर बूच बांधायचं आणि पाण्यावर डुबुक-डुबुक करायचं, असंही तिने सांगितलं. बुचाने मासे धरणं हे आजीबाईंचं आणि पर्यटकांचं काम. मी आमिष म्हणून फक्त लाकडी मासोळी वापरणार. रोज पहाटे पाचला उठणार. बिअर बंद.

९ मार्च, रविवार

उठलो आठ चाळीसला. पण उन्हाळी वेळेसाठी घड्याळं आज पहाटे तासाने पुढे गेली. हा सरकारचा निर्णय, माझा नाही.

समुद्रावर चार तास. तीन पिनफिश, एक कॅटफिश. ट्राउट नाही. वारा पूर्वेचा होता. पूर्वेच्या वाऱ्यात तो जेवत नाही.

शेजारच्या बोटीवर एक कुटुंब बूच लावून बसलं होतं. त्यांनी पाच धरले. त्यांच्या बाजूला वारा बहुतेक वेगळा असावा.

१२ मार्च, बुधवार

थॉमसविलला फोन. ग्लेंडाने उचलला. ती धापा टाकत होती. म्हणाली, आत्ताच चालून आलो, नेडीन अंघोळीला गेलीय. किती चाललात विचारलं. चार मैल.

गुडघ्यासाठी चालणं उत्तम. डॉक्टरांनीच सांगितलं असणार.

नेडीनने उलटा फोन केला नाही. दमली असेल.

१५ मार्च, शनिवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा. सकाळी सात दहा. पाणी आरशासारखं. गवतामध्ये वाळूचा एक रिकामा पट्टा आहे, मोटारीएवढा, त्याच्या कडेला लाकडी मासोळी टाकली. दोन झटके दिले आणि पाणी फाटलं. ट्राउट. पंचवीस इंची, कमीत कमी. पाठीवरचे काळे ठिपके मोजता आले असते. मी काठी जोरात खेचली. ट्राउटचं तोंड ओल्या कागदासारखं मऊ, गळ फाडून बाहेर आला.

"बघितलास?" असं मी मोठ्याने म्हणालो. पुढच्या बाकाकडे बघून.

मग दोरी गुंडाळून घेतली. काठीत दोष आहे. नवी घ्यायला हवी.

१८ मार्च, मंगळवार

दुकानात त्या सत्तावीस इंची ट्राउटबद्दल सांगितलं. मिस रोएटाने विचारलं, कुणी बघितला? मी म्हटलं, मी. ती "हं" म्हणाली. पर्विस बर्फाची पिशवी घेऊन मागे उभा होता. एरवी तो माझ्या मापातून चार इंच वजा करतो. आज नाही केले. दार उघडून धरलं माझ्यासाठी. हे मला आवडलं नाही.

२२ मार्च, शनिवार

नेडीनचं पत्र. उन्हाळी कपडे, शिवणयंत्र आणि तिच्या आईची मोठी परात पाठवून दे म्हणते. बाकी लिहिलंय की कपाटावरच्या गोळ्या वेळेवर घे, आणि नुसत्या खारट बिस्किटांवर राहू नकोस.

शिवणयंत्र? ग्लेंडाला पडदे शिवून हवे असतील.

पाठवलं नाही. २९ला ती इथे येणारच, मग उगाच न्या-आण. तिच्या फोनवर निरोप ठेवला: स्पर्धा, शनिवार, सकाळी साडेसहा, धक्क्यावर, टोपी आण. निरोप चांगला झाला. थोडा लांबला. मासोळीबद्दलही सांगून घेतलं.

२६ मार्च, बुधवार

दोन दिवस उत्तरेचा वारा. पाणी सगळं बाहेर ढकललं गेलंय. खाडीत बगळे चालत फिरताहेत.

बोट धुतली. पुढच्या बाकाला गादी बसवली, निळ्या कापडाची. टाके वाकडे आले. शिवणयंत्र मला चालवता येत नाही हे आज कळलं.

बिअर: दोन. वारा पडल्यावर बंद.

२८ मार्च, शुक्रवार

समुद्रावरून परतलो तर फोनवर नेडीनचा निरोप. तीन मिनिटं अठरा सेकंदांचा. ऐकला नाही. उद्या प्रत्यक्षच भेटायचं असताना आधी आवाज ऐकून मजा कशाला घालवायची?

मुलेट मासे तळले. दोघांपुरते. सकाळी न्यायला.

२९ मार्च, शनिवार, सकाळी ७

धक्क्यावर एकतीस बोटी. एकेक करून सगळ्या सुटल्या. मी वाट बघतोय. थॉमसविलहून रस्ता लांबचा आहे, आणि शनिवारी गर्दी असते.

७.४०

मिस रोएटा काठी टेकत धक्क्याच्या टोकापर्यंत आली. दुसरं माणूस बोटीत नसेल तर नोंद धरता येत नाही, असं म्हणाली. मी सांगितलं, नेडीन पलीकडच्या धक्क्यावर उतरलीय, तिथून घेतो. तिथे धक्का नाही, हे तिला पंचाहत्तर वर्षांपासून माहीत आहे. तरी मान डोलावली. जिवंत झिंग्यांची छोटी बादली आणि एक लाल बूच बोटीत ठेवलं. "नेडीनसाठी," म्हणाली. "तिला लाकडी मासोळी जमायची नाही."

११.२०, बोटीत

बाकीचे लांबच्या वाटेने, खोल पाण्यातून गेले. मी गवतावरून सरळ काढली. वेळ वाचवण्यासाठी. ओहोटीचा अंदाज घेतला होता, फक्त वाऱ्याने आधीच किती पाणी नेलंय तेवढं धरायचं राहिलं. बोट रुतली आहे. इंजिनाच्या पंख्याला गवताचा अंबाडा. ढकलून पाहिलं, उतरून ढकलून पाहिलं. एक बूट चिखलात गेला.

जागा वाईट नाही.

१२.३०

आता पाणी नाहीच. चारी बाजूंना ओलं गवत, आडवं झोपलेलं. मधूनमधून खेकडे. हाकेच्या अंतरावर खोल पाण्यातून बोटी जाताहेत, आणि मी दिसतोय सगळ्यांना, ताटात ठेवल्यासारखा. प्रत्येकाला हात केला. मुद्दाम इथे थांबलोय असं वाटावं म्हणून काठी धरून बसलो.

पर्विसने बोट थांबवली. हाका मारत होता, दोर आणू का, पाणी प्यायला आहे का. मी ओरडून सांगितलं की सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. तो बराच वेळ थांबला. मग गेला. डेल्मासने टोपी काढली होती, कुणाच्या मयताला काढतात तशी.

दोघांचे मुलेट खाल्ले.

संध्याकाळी ६, घरी

क्रमाने लिहितो.

तीनला पाणी परत यायला लागलं. आधी गवत उभं राहिलं, मग हललं. बोट अजून टेकलेली. वजनकाटा तीनला बंद होतो, म्हणजे स्पर्धा संपलीच होती. कंटाळा आला म्हणून, केवळ कंटाळा म्हणून, झिंगा लावला, लाल बूच बांधलं, वाळूच्या एका पट्ट्याजवळ टाकलं, आणि काठी खोबणीत उभी केली. मग नेडीनला फोन लावला.

तिने लगेच उचलला. मी अडकल्याचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, पर्विसचं सांगितलं. ती ऐकत होती. मग विचारलं, "माझा निरोप ऐकलास?"

मी नाही म्हणालो.

"ग्लेंडाचा गुडघा फेब्रुवारीतच बरा झाला, लमार. मी तुला सांगितलं होतं. दोनदा. तू दोन्ही वेळा मला भरतीची वेळ सांगितलीस." मग म्हणाली, "मी परत येणार नाही. भांडण नाही माझं. पण मी येणार नाही."

मी काहीतरी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. तेवढ्यात बूच गेलं आणि रीळ किंचाळलं. तिलाही ऐकू गेलं असणार.

"लागलाय," ती म्हणाली. "जा."

मी फोन निळ्या गादीवर ठेवला आणि काठी उचलली. या वेळी खेचली नाही. त्याला पळू दिलं, वळू दिलं, हळूहळू आणला. दहा मिनिटं तरी लागली असतील. जाळीत घेतला. मोजपट्टीवर ठेवला. चोवीस आणि अर्धा. पाठीवर मोत्यासारखी चमक, ठिपके थेट शेपटीपर्यंत. मी वळून म्हणालो, "नेडीन, चोवीस आणि अर्धा!"

फोन कट झाला होता.

रेंज गेली असेल.

रेंज पूर्ण होती. बघितली मी.

मासा पाण्यात धरून ठेवला, त्याच्यात पुन्हा दम येईपर्यंत, आणि सोडला. गेला. मग बोट आपोआप तरंगली.

३० मार्च, रविवार

निरोप ऐकला. तीन मिनिटं अठरा सेकंद. तिने तेच सांगितलं होतं, फक्त जास्त गोड करून. पुन्हा ऐकला नाही.

डेल्मासला दुसरा नंबर मिळाला म्हणे.

३ एप्रिल, गुरुवार

कपड्यांचे चार खोके भरले. परात वर्तमानपत्रात गुंडाळली. शिवणयंत्र एकट्याला उचलेना. टपालाने पाठवायचा विचार केला, मग पर्विसला विचारलं. त्याने विचारलं, कधी निघायचं.

५ एप्रिल, शनिवार

थॉमसविलला जाऊन आलो. पर्विसने गाडी चालवली. वाटेत कुठे वळायचं ते मी सांगितलं नाही. तो एकदा चुकला, तरी नाही.

नेडीन ओसरीवर उभी होती. केस कापलेत. बरी दिसते. ग्लेंडा तरातरा जिना उतरून आली आणि खोके उचलू लागली. पर्विसने आणि मी यंत्र आत नेलं. कॉफी झाली. पाणी तापवायच्या टाकीतून आवाज येतो का अजून, असं नेडीनने विचारलं. येतो म्हटलं. कुठली झडप पिळायची ते तिने सांगितलं.

मी वाटेत एक वाक्य तयार केलं होतं. ते असं होतं की, मी ऐकायला शिकेन. कप हातात घेऊन ते बोलण्याची वाट बघत राहिलो, आणि मग कप रिकामा झाला.

गाडीपर्यंत ती आली. काहीतरी बोलायचं म्हणून असेल, तिने विचारलं, "एवढे मासे धरतोस, आता खातं कोण?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "लागला तर सोडून देतो."

तिने मान हलवली. पर्विसने गाडी सुरू केली.