वीस बाय दहाचा अध्यक्ष

१५ मार्च २०२०, रविवार. सकाळी ७.२०
पाचला उठायचं ठरलं होतं. गजर वाजला, मीच बंद केला, पण पूर्ण शुद्धीत.

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना पुढे काही आठवत नाही आणि मग चरित्र लिहिणाऱ्यांची पंचाईत होते. तर मी, शैलेंद्र फडणीस, विमा कंपनीतून रिटायर, क्षिप्रा सेवा क्लब, फ्रीगंजचा चालू अध्यक्ष. कारकीर्द ३० जूनला संपते. आजवरचे प्रोजेक्ट: एक. (वृक्षारोपण. गाईने खाल्लं.) सात प्रोजेक्ट करणाऱ्या अध्यक्षाला क्लबच्या प्रांत कार्यालयाकडून 'सेवारत्न' ट्रॉफीची संधी. नियम एकच. प्रत्येक प्रोजेक्टचा फोटो हवा आणि फोटोत मागे बॅनर. बॅनर नाही तर प्रोजेक्ट नाही.

ट्रॉफीचा मला मोह नाही. प्रश्न वहीचा आहे. काल क्षिप्रेच्या राम घाटावर बाबांची तिथी केली. आमचे तीर्थोपाध्याय बापू यांच्याकडे आमच्या घराण्याची वही आहे, अकरा पिढ्यांची. त्यांनी ती उघडून दाखवली. आजोबांच्या नावापुढे: घाटाच्या दोन पायऱ्या दुरुस्त केल्या. बाबांच्या नावापुढे: स्टेशनबाहेर उन्हाळी पाणपोई, अकरा वर्षे. माझ्या नावापुढे: विवाह १९८४. त्याखाली कोरं. बापूंनी विचारलं, शैलू, तुझं काय लिहू? मी म्हटलं, जूनअखेर सांगतो.

१८ मार्च
बँकेत सेवानिधी ४१,३०० रु. पहिला खर्च: फ्लेक्स, वीस फूट बाय दहा फूट, ८,४००. वर लिहिलंय 'सेवा हाच श्वास', शेजारी मी, आठ फुटी. प्रोजेक्टचं नाव मुद्दाम घातलं नाही, म्हणजे सातही प्रोजेक्टना एकच चालेल. याला म्हणतात काटकसर. खजिनदार माणिकराव (रेल्वे बुकिंगमधून रिटायर, आजही नोट दोनदा मोजतात) विचारत होते, २९ तारखेच्या नेत्रशिबिराच्या चष्म्यांचं काय? म्हटलं, आधी वातावरणनिर्मिती.

विनोदिनी म्हणाली, डोळे तपासायला हाच टांगा, एवढे तुम्ही दिसला नाहीत तर सरळ ऑपरेशन. बायकोला व्हिजन नसते.

२२ मार्च
जनता कर्फ्यू. शिबिर पुढे ढकललं. आठवडाभराचं झंझट आहे. संध्याकाळी गॅलरीत थाळी वाजवली. हा प्रोजेक्ट धरावा असं माणिकरावांना फोनवर सुचवलं. ते म्हणाले, फ्लेक्स गॅलरीत मावेल का? नाही मावला. थाळीला पोचा आला तो वेगळाच.

२५ मार्च
एकवीस दिवस लॉकडाऊन. उत्तम! निवांतपणे सहा प्रोजेक्टांचं प्लॅनिंग. शिवाय प्राणायाम, संस्कृत, वजन चार किलो कमी.
आज: शेव, पाव किलो.

३ एप्रिल
क्लबची पहिली व्हिडिओ मीटिंग. बावीस सभासदांपैकी नऊ आले, त्यातल्या चौघांचं फक्त छत दिसत होतं. माझ्यामागे फ्लेक्स लावला होता. खोली बाराची, फ्लेक्स वीसचा, घडी घालावी लागली. स्क्रीनवर माझं नाक आणि 'श्वास' एवढंच दिसत होतं. मीटिंगनंतर पाच फोन आले, अध्यक्षसाहेब, तब्येत बरी आहे ना, ऑक्सिजन मोजला का? लोकांना माझी काळजी आहे.

९ एप्रिल
थर्मल गन घेतली, ६,५००. ऑनलाइन. मी ३२.४. विनोदिनी ३१.९. उकळता चहा ३३. माणिकराव म्हणाले, या हिशोबाने आपला क्लब केव्हाच थंड पडलाय. असो, कॉलनीच्या गेटवर वॉचमनच्या कपाळाला गन लावून फोटो काढला. मागे फ्लेक्स, दोन टोकं दोन शेजाऱ्यांनी धरलेली, सहा फुटांचं अंतर राखून. प्रोजेक्ट दोन!

विनोदिनीने कॉलनीतल्या बायकांना घेऊन काहीतरी चालू केलंय. आमच्या ओट्यावर रोज चाळीस पोळ्या, इतर घरांतून आणखी. अकराला वॉर्डाची गाडी गेटवरून घेऊन जाते. मला म्हणाली, कणीक तिंबा. म्हटलं, भुकेल्यांसाठी योजना आखतोय, मध्येच हात कसे भरवू?

२६ एप्रिल, अक्षय तृतीया
बापूंचा फोन. घाट सुनसान, महिना झाला एक यजमान नाही, असं म्हणाले. मग माझी तब्येत विचारली. मग गप्प. बापूंनी जन्मात कोणाकडे काही मागितलेलं नाही. मी लगेच ताडलं (या बाबतीत मी तल्लख आहे). प्रोजेक्ट! 'घाटावरील पुरोहितांस रेशन किट.' मी सांगितलं, बापू, किट पाठवतो, गाडीसोबत फ्लेक्सही येईल, फक्त हातात घेतानाचा एक फोटो.

बापू म्हणाले, अरे शैलू, बिना फोटोचं नाही का होणार? सारी उमर लोकांच्या डोक्यावर हात ठेवला. आता पसरलेल्या हाताचा फोटो नातवंडं बघतील.

मी नियम समजावून सांगितला. ते म्हणाले, तुझाही नाइलाज असेल. राहू दे फिर. सूनबाईंना आशीर्वाद सांग. फोन ठेवला.

नोंद: प्रोजेक्ट स्थगित. कारण: लाभार्थींचा असहकार.
आंब्याचा रस होता आज. काय झालं कोण जाणे, अर्धी वाटी तशीच ठेवून उठलो.

२७ एप्रिल
विनोदिनीला बापूंची गोष्ट सांगितली. तिने लाटणं खाली ठेवलं. ती लाटणं खाली ठेवते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. विचारलं, मामंजींनी पाणपोईवर पाणी पिणाऱ्यांचे फोटो काढले होते का? मी म्हटलं, तेव्हा रोल महाग होता.
संध्याकाळी चहाचा कप लांबूनच सरकवून गेली.

१२ मे
'कोरोना योद्धा' सन्मानपत्रं, सोनेरी फ्रेमसह, ११,०००. ओळखीचा छापखाना, मागच्या दाराने. योद्धे कोण, यावर व्हिडिओ मीटिंगमध्ये बरीच चर्चा झाली. शेवटी सर्वानुमते क्लबचे सभासदच. मी मला स्वतःच्या हस्ते दिलं. दोन शर्ट बदलून दोन फोटो काढले, म्हणजे प्रोजेक्ट तीन आणि चार. विनोदिनीला एक फ्रेम देऊ केली. ती म्हणाली, काच काढून द्या, पोळ्यांच्या डब्याला झाकण हवंच होतं.

वजन: तीन किलो वाढ. वजनकाट्यावर माझा विश्वास नाही, तोही ऑनलाइनच घेतला होता.

५ जून, सकाळी
दुकानं उघडली. प्रांताकडे पाठवायचा रंगीत अहवाल छापला, ४,८००. थर्मल गन तीन ठिकाणी (गेट, जिना, किराणा दुकान) दाखवून एकूण प्रोजेक्ट सहा. एकच कमी! निधीत अजून १०,६०० असणार. मनात भराभर हिशोब केला. दरबारी फडणीसांचं रक्त आहे.

५ जून, दुपारी १.१०
माणिकराव म्हणतात निधीत शून्य! अपहार! माझ्या कारकिर्दीत! मी त्यांना लेखी खुलासा मागितला. त्यांनी फोनवरच दिला. एप्रिलमध्येच दहा हजार सहाशे बाजूला काढले होते, थोडे थोडे करून वहिनींना आट्यासाठी दिले, चक्कीच्या सगळ्या पावत्या आहेत. मी विचारलं, अध्यक्षांना का विचारलं नाही? ते म्हणाले, विचारलं असतं तर आट्याऐवजी फ्रेमा आल्या असत्या.

दोन मिनिटं भयंकर संतापलो. तिसऱ्या मिनिटाला उजाडलं. अरे, हाच तर सातवा प्रोजेक्ट! झालेलासुद्धा! फक्त फोटो राहिलाय.

२० जून
फोटोचा दिवस. जाकीट घातलं (बटणं लागली नाहीत, उघडंच शोभतं). कॉलनीतल्या सात जणी पोळ्यांचे डबे घेऊन गेटवर उभ्या. माणिकरावांच्या हातात मोबाइल. कपाटामागे हात घातला तर फ्लेक्स नाही! पलंगाखाली नाही. गच्चीवर नाही. बाहेरून बायका ओरडतायत, भाऊसाहेब, जल्दी, गाडी निघतेय.

विनोदिनी शांतपणे म्हणाली, पंधरा दिवस झाले, बापूंकडे गेलाय. त्यांचं पत्र्याचं छप्पर गळतं, खाली वह्यांची पेटी आहे, पावसाळा तोंडावर आलाय.

मी म्हटलं, पण बापू तर काही घ्यायला तयार नव्हते! ती म्हणाली, शिधा घेतात ना. अठ्ठावीस एप्रिलपासून दर आठवड्याला पाठवतेय, डाळ, तांदूळ, गूळ, वर दक्षिणा. ब्राह्मणाला शिधा देताना कोणी फोटो काढतं का?

फोटो बिनबॅनरचाच निघाला. प्रांताला फोन लावला, गयावया केली. नियम म्हणजे नियम. मला पाठ आहे, मीच बापूंना ऐकवला होता.

३० जून
ट्रॉफी शेजारच्या जिल्ह्यातल्या अध्यक्षांना. एकवीस प्रोजेक्ट. फोटो पाहिले. त्यांचा फ्लेक्स तीस बाय पंधरा आहे. मी सुरुवातच छोटी केली.
व्हिडिओवर पदभार माणिकरावांना सोपवला. शिल्लक शून्य, फ्रेमा अठरा.

५ जुलै, गुरुपौर्णिमा. दुपारी
बापूंकडे जाऊन आलो. मास्क लावून, आंबे घेऊन. खरं तर जायचं धाडस होत नव्हतं. विनोदिनीने पिशवी हातात देऊन दार लावून घेतलं.

गल्लीच्या तोंडापासूनच मी दिसलो. छपरावर, उलटा, दोन टोकांना विटा ठेवलेल्या. आठवडाभर पाऊस झोडपत होता, पण छपाई जराही उडालेली नाही. माल चांगला होता हे माणिकरावांना सांगायला हवं.

बापू बारीक झालेत. मी नमस्कार केला, डोक्यावर हात ठेवला त्यांनी, जसा नेहमी ठेवतात तसाच. मला वाटलं होतं निदान एखादा टोमणा मारतील. म्हणाले, सूनबाईंनी बढिया केलं बघ, एक पान भिजलं नाही. मग पेटी उघडली, वही काढली. मी घाईघाईने म्हटलं, बापू, माझं कोरंच ठेवा. खरंच ठेवा. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

बापू म्हणाले, कोरं कशाला? लिहून झालं की. चष्मा लावला, बोट ठेवून वाचून दाखवलं.

सौ. विनोदिनी: लॉकडाऊनचे साल. घरी रोज चाळीस पोळ्या, भुकेल्यांसाठी. घाटावर शिधा.

आणि वरच्या ओळीत, 'विवाह १९८४'च्या शेजारी:

शैलेंद्र: ताडपत्री एक, वीस बाय दहा. वह्या कोरड्या राहिल्या.

पुढच्या सात पिढ्या हे वाचणार. बापूंनी विचारलं, काही राहिलं का रे? मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. मोजमापसुद्धा.

निघताना छपराकडे पुन्हा पाहिलं. ऊन पडलं होतं आणि माझ्या नाकावर गल्लीतलं मांजर झोपलं होतं. हाकललं नाही.