पितळी गिअर

७ ऑक्टोबर १९९०, रविवार

पुन्हा दात झडले! ही तिसरी वेळ. मोटर नुसती किंचाळते, चाकं ढिम्म. उघडून पाहिलं तर प्लॅस्टिकच्या मोठ्या गिअरचे चार दात साफ गेलेले आणि खाली पिठासारखा पांढरा भुगा.

बग्गी पुनाची. पुना म्हणजे प्रमिलाचा धाकटा भाऊ. सहा वर्षं कुवेतला वायरमन होता. ऑगस्टात तिकडे लढाई पेटली, सगळा संसार टाकून एका पिशवीवर धुळ्याला परत आला — आणि त्या पिशवीत काय? रिमोटवर पळणारी लाल बग्गी! पोरीसाठी म्हणे. पोर तिचा आवाज ऐकला की आजीच्या पाठीमागे दडते. म्हणून ती आता माझ्या टेबलावर.

प्रमिला म्हणाली, "दोन दोन बाप्ये आणि एक खेळणं. लोक काय म्हणतील?" म्हणू देत. मला त्यात खेळणं दिसतच नाही. दुसरंच काहीतरी दिसतं.

९ ऑक्टोबर

काय दिसतं ते लिहूनच ठेवतो. आमच्या जिनखाली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याखाली, धुळीचा बोगदा आहे. यंत्रांच्या पोटाखालून निघतो, पटांगणाखालून साठ-सत्तर हात सरळ जातो आणि मागच्या धूळघरात उघडतो. कापसाची सगळी धूळ, सगळी लव पंखा त्यातून ओढून नेतो. उंची माझ्या गुडघ्याएवढी. दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी एक माणूस कमरेला दोर बांधून पोटावर सरपटत आरपार जातो. मग त्या दोराला गोणपाटाचा मोठा बोळा बांधून ओढायचा, म्हणजे बोगदा साफ.

गेली अठरा वर्षं तो माणूस म्हणजे लोटन आबा. साक्रीकडचे. अंगाने काडी, म्हणून मावतात. गेल्या वर्षी अर्ध्यावर आवाज बंद झाला. मी आणि दोघांनी दोर ओढला. बाहेर आले तेव्हा ओठ निळे, नाकातोंडात कापूस. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते. ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून वर्षभर गेलेलं नाही.

यंदा माणूस आत जाणार नाही. बग्गी जाईल, मागे सुतळी घेऊन. सुतळीला दोर, दोराला बोळा. झालं! मी फिटर आहे की कोण?

११ ऑक्टोबर

बग्गी पिशवीत घालून कामावर नेली. पटांगणात सुतळी बांधून पळवली. वीस हात जोरात गेली, मग कर्रर्र — पुन्हा दात. पुनाने शेवटचा जादा गिअर बसवला होता, तोही गेला.

लोटन आबा जवळ उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "हाई मझार गयी, तं मंग मना काय काम?" मी म्हटलं, आत ही जाईल, तुम्ही बाहेर उभं राहून सुतळी धरायची, राजासारखी. हसले. मग तो तुटका गिअर तळहातावर घेऊन बराच वेळ न्याहाळला. "तुटस ते बरं शे, फिटरभाऊ. तुटनं, म्हणीसन थांबनं."

आबांना यंत्रातलं काय कळतं! तुटणारी वस्तू बरी असती तर फिटर कशाला ठेवला असता मालकाने?

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर आबा काडेपेटी मागायला आले. आत येताना विडी-काडी गेटवर काढून ठेवायची हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम, आणि झडती माझ्याकडे. मॅनेजर आला तरी मी खिसे चाचपतो, सोडत नाही. सगळ्यांच्या पेट्या माझ्या खणात. आबांची लगेच ओळखू येते — सायकलच्या ट्यूबची रबरी रिंग चढवलेली असते.

१४ ऑक्टोबर, रविवार

एसटीने जळगावला जाऊन आलो. रुपचंद तिकडे एमआयडीसीत टर्नर आहे, माझ्याबरोबर आयटीआयला होता. बग्गी बघून पोट धरून हसला. "हिलाल, म्हातारपणी पाळण्यात झोपणार का आता?" पण हात सोन्याचा. भंगारातल्या पितळी बुशमधून दोन गिअर काढून दिले, एक सतरा दातांचा, एक बावन्न. दातात दात असे बसतात की नखसुद्धा शिरत नाही.

येताना बसमध्ये सारखे खिशातून काढून बघत होतो. शेजारच्या बाईला वाटलं दागिना आहे.

१७ ऑक्टोबर

गिअर तुटत नाहीत तर आता मोटर कमी पडते. ओढ लागली की गुरगुरते आणि बसते. म्हणून मोटर उघडली. आतली तार केसासारखी, वळसे सत्तावीस. सगळी उसवली. आपल्या पंपाच्या कामातली जाड तार घेतली, चौदाच वळसे घातले. वार्निश केलं, चुलीजवळ वाळवलं. प्रमिला ओरडली, भाकरीला वास लागला म्हणून.

बसवून बघितली तर अंगात आल्यासारखी! पुना टाळ्या पिटायला लागला. "दाजी, कुवेतमध्येसुद्धा अशी नव्हती पळत!"

अंधाऱ्या कोपऱ्यात मोटरच्या मागच्या भोकातून निळ्या ठिणग्या दिसतात. आतले कार्बनचे ब्रश नवे घासलेत. बसतील हळूहळू.

१८ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. हत्यारांशेजारी बग्गीलाही हळदकुंकू वाहिलं. पुनाच्या पोरीने लांबूनच नमस्कार केला.

२२ ऑक्टोबर

गल्लीत दोन विटा बांधून ओढवल्या. ओढल्या! पण नंतर मोटरला हात लावला आणि अंगठ्यावर टरटरून फोड आला. मागच्या धुऱ्याला कापसाची लव गुंडाळलेली होती, दोऱ्यासारखी घट्ट. माझ्या कपड्यांवरची, टेबलावरची असणार. आमच्या घरात जेवणाच्या ताटातही लव असते. कापून काढली. जरा जळका वास येत होता. धुपासारखा नाही, केस जळल्यासारखा.

२५ ऑक्टोबर

आज एक झालं ते आवडलं नाही.

रस्त्याखालच्या मोरीत बग्गी सोडून पाहिली, बोगद्यासारखीच जागा म्हणून. पंधरा हातांवर गेली आणि मी बटण सोडलं. थांबली नाही! पुन्हा दाबलं, सोडलं, उलटं दाबलं — ऐकेचना. पुना म्हणाला, आत रेडिओ पोचत नाही, शेवटचा हुकूम धरून बसते. जाऊन दगडाला भिडली आणि तिथेच भिडत राहिली. पूर्वी दात झडून गप झाली असती. आता कशाला झडतात! पुनाने आत सरपटत जाऊन, चाक धरून ओढून बाहेर काढली आणि बॅटरी सोडवली. फडक्यात गुंडाळून घरी आणली, एवढी तापली होती.

जेवताना मीच म्हटलं, बोगदा सरळ आहे, दगड कुठे आहेत तिथे? आरपार पळतच जायचं आहे, थांबायचं आहे कुणाला? पुना म्हणाला, "हो, तेही खरंच."

तेही खरंच. तरी मन रुखरुखतं. मॅनेजर पुढच्या गुरुवारी पूजा करून जिन सुरू करणार. त्याच्याआधी बोगदा साफ नाही झाला तर आबा निमूट कमरेला दोर बांधतील, मला माहीत आहे. मला ते पुन्हा बघायचं नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

आज सुट्टी. मॅनेजर जळगावला. आम्ही तिघंच. झालं की बुधवारी त्याला साफ बोगदा दाखवीन, मग सांगीन कसा केला.

आबांना धूळघरात उभं करतोय, बोगद्याच्या तोंडाशी, बग्गी बाहेर आली की उचलायला. आत डोकंसुद्धा घालायचं नाही असं बजावलंय.

३० ऑक्टोबर

आबा गेले. आज पहाटे, सिव्हिल हॉस्पिटलात.

सगळं लिहून ठेवतो. नाही लिहिलं तर मीच उद्या काहीतरी वेगळं आठवायला लागेन.

बग्गी आत गेली. सुतळी सरसर सरकत होती, मी मोजत होतो. चाळीस हात झाले आणि सुतळी थांबली. आत मागच्या वर्षीचा कापूस गच्च बसलेला असणार — तोच तर काढायचा होता! बटण सोडलं. आतून आवाज येतच राहिला. बारीक, चिडलेला. सुतळी ओढली, तुटून नुसतं टोक हातात आलं. पुना म्हणाला, "दाजी, वास." मग आवाज थांबला. मला वाटलं, बरं झालं, बॅटरी संपली.

मग बोगद्याने श्वास घेतल्यासारखं झालं. आग आमच्याकडे आलीच नाही. धूळघराकडे वारा होता, तिकडे गेली. मी पटांगणातून ओरडत धावलो, आबा बाहेर या, बाहेर या! धूळघराचं दार आतून भडक लाल दिसत होतं.

माझं ऐकून ते तोंडाशी उभे होते. सरपटत आत गेले असते तर मी दोर धरून असतो.

हॉस्पिटलात फक्त एकदा बोलले. मला विचारलं, "दोरी उनी का?"

मी म्हटलं, हो, आली.

२ नोव्हेंबर

चौकशी झाली. सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब आले, पोलीस आले. यंत्रं बंद, वीज बंद, सुट्टीचा दिवस, धूळघरात एकटा माणूस. मॅनेजरनेच विचारलं आणि मॅनेजरनेच उत्तर दिलं, "विडी ओढत असणार. सुट्टी म्हणून चोरून." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. झडतीचा माणूस मी. मी म्हटलं, रविवारी गेटवर झडती नसते. बग्गीचं नाव काढलं नाही.

खोटं नाही. नसतेच. पण आबांनी त्या दिवशीही, कोणी न मागता, काडेपेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती आणि मी ती खणात टाकली होती. सवय!

कागदावर लिहिलं गेलं: मयताचा स्वतःचा हलगर्जीपणा. मी सही केली. म्हणजे धुरपदाबाईंना, आबांच्या बायकोला, काही मिळणार नाही. आणि वरून नवऱ्याच्या नावाला हा बट्टा.

४ नोव्हेंबर

बोगद्यातली राख काढायचं काम माझ्यावरच आलं. लांब काठीला खराटा बांधून ओढली. बग्गीचं काही म्हणता काही उरलं नाही, एक काळी गोळी वितळून जमिनीला चिकटलेली. आणि राखेत ते दोन गिअर. पुसले तर चकचकीत. एक दात झडलेला नाही, एकही! एकमेकांत अजून तसेच बसतात.

आबांच्या तळहातावर तो तुटका गिअर होता तेव्हा मी मनात हसलो होतो.

६ नोव्हेंबर

पुना आला होता. बसला नाही. "दाजी, आता बोलून काय होणार? नोकरी जाईल, खोली जाईल, वर जेल. ताईचा विचार करा." डोळ्याला डोळा देत नव्हता. रिमोट त्याने पांझरा नदीत टाकला म्हणे.

मी भित्रा आहे. झडती घेताना माझा केवढा रुबाब! लोकांच्या खिशातल्या काड्या काढत राहिलो आणि विस्तव मीच पिशवीतून आत नेला. मला मीच तपासलं नाही, कारण ते खेळणं होतं, आणि माझं होतं.

प्रमिला विचारते, जेवत का नाही. तिला सांगितलेलं नाही.

७ नोव्हेंबर

खण उघडला. रबरी रिंगवाली पेटी आहे तिथेच आहे. फेकायला हातात घेतली. पुन्हा ठेवली.

९ नोव्हेंबर

सकाळी धुरपदाबाई गेटवर आल्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊ, त्यासनी काडेपेटी माले द्या. ते तं रोज तुमनाकडेच ठेवेत ना."

दिली. त्यांनी रिंग काढून उघडून बघितली. भरलेली होती. मग माझ्याकडे बघितलं.

"मंग विडी कसानी पेटाडी त्यास्नी?"

त्यांनी पेटी पदराच्या टोकाला बांधली आणि घराकडे न जाता पोलीस चौकीच्या रस्त्याला लागल्या. हे उभ्या उभ्या लिहितोय. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आहेत. दोन्ही गिअर खिशात घेतले, चौकीत दाखवायला. त्या अजून फार लांब गेल्या नसतील.