गडी म्हणजे कोण

सोमवार, ३ ऑगस्ट. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे.
नव्या खोलीत कोऱ्या कागदांवर समास आखत बसलो आहे. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, समोरच्या भिंतीवर स्वच्छ ऊन. मालक पूर्वी जमिनीच्या मोजणीत होते. दिवाणखान्यातल्या मोठ्या मेजावर त्यांनी ओढा, पूल, कुंपणं मांडली आहेत. दोनशे वर्षांपूर्वीची एक चकमक ते शिशाच्या बोटभर शिपायांनी रोज खेळतात. फासा पडला की पाळी सुरू. नियम सगळे घरचे, तोंडी. ते मी लिहून द्यायचे. पुस्तिकेवर माझं नाव येणार आहे. नववीत शाळा सुटलेल्याचं नाव, छापील!

गुरुवार, ६ ऑगस्ट.
सात नियम झाले. नियम तीन: गडी एका पाळीत सहा पावलं चालेल. मी म्हटलं, "गडी" नको, "शिपाई" लिहू. गडी म्हणजे घरकामाचा नोकरही होतो. मालक म्हणाले, आले मोठे नववीतले पंडित! व्याख्या करत बसलात तर खेळायचं कधी? शिपाई रंगवणाऱ्या त्यांच्या बहिणीचा, ताईंचा, ब्रश मध्येच थांबला. मी मुकाट्याने "गडी" लिहिलं. वळणदार अक्षरात.

शनिवार, ८ ऑगस्ट.
मालकांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली: हा आमचा नवा गडी. मी म्हणालो, लेखनिक. ते म्हणाले, अरे, तेच ते. सगळे खो खो हसले. तडक बाहेर निघालो आणि सातवं पाऊल उचलेना. आत फासा पडला, तेव्हाच उचललं.

सोमवार, १० ऑगस्ट.
तीनदा मोजलं. सहा पावलं, मग फासा पडेपर्यंत खुंटा. खोलीपासून रस्त्याचं दार एकतीस पावलं, म्हणजे सहा पाळ्या. आज त्यांनी पाच टाकल्या आणि चहा मागवला. दार एका पावलावर, आणि मी पाऊण तास उभा! जवळून जाताना विचारतात, दमलास काय रे?
ताईंना घरात सगळे "सरदार" म्हणतात. नियम चार: सरदार बारा पावलं चालेल. गुरुवारपासून त्यांना फाटक गाठता आलेलं नाही. हळूच म्हणाल्या, बाबा रे, तूच लिहिलंस ना? मग तूच दुरुस्त कर.

मंगळवार, ११.
कागद मागितले. माणसाला "गडी"तून वगळायचं, एका ओळीचं काम. मालकांनी कागद कपाटात कोंबले, किल्ली खिशात. म्हणाले, जिवंत माणसं मिळाल्यावर शिशाशी कोण खेळतो? सगळं ठाऊक आहे त्यांना. हलकट माणूस! आणि मी त्यांना समास आखून दिले—

बुधवार.
नियम आठ त्यांनी स्वतःच लिहून भिंतीवर डकवला. गडी पाळीखेरीज हात हलवनार नाही. "हलवनार"! अशुद्ध शब्द लागू व्हायला नको— झाला. सकाळपासून हात मांडीवर. फासा पडला की ते मोठ्याने दहा मोजतात. तेवढाच मोकळा. एवढं लिहायला सतरा पाळ्या—

गुरुवार.
ताई रडताहेत. रडू नका—

फासा. मोजताहेत. इथेच लिहितो, माझ्या अक्षरात, बघू कोण अडवतो. नियम नऊ. गडी म्हणजे शिशाचा शिपाई, माणूस