निळ्या ठिपक्याचा डबा

आई, आपल्या घरी तेव्हा एवढ्या पोळ्या का होत होत्या, ते आज समजलं. रात्र झाली तरी मी खुर्चीतच बसून आहे, कॉम्प्युटर समोर नुसता चालू आहे. तू चामोर्शीची, धानाच्या मुलखातली. भाताशिवाय तुझं जेवण जेवण नसायचं. आणि मी हायस्कुलात होते तेव्हा एकाएकी तू दोन्ही वेळ पोळ्या लाटायला लागलीस. बाबा खाणीतून दमून येतात, हातपाय धुऊन पाटावर बसतात, ताट पाहतात आणि त्यांचा पारा चढतो. "बापा बापा! भातखाऊ मानसाले रोज रोज गहू काऊन चारून राह्यली वो?" तू तवा न सोडता म्हणतेस, "ताकद येते. खा मुकाट्यानं." मला हसू यायचं. बाबा पुटपुटत खायचे आणि शनिवारी तू पुन्हा गव्हाचा डबा भरायचीस.

कॉलनीतली गिरणी आपल्या दारातून दिसायची. तुला मात्र तिचं पीठ जाडं वाटायचं. डबा मांडीवर घेऊन तू ऑटोनं गावात जायचीस, जुन्या परकोटाच्या गेटच्या आतल्या गिरणीवर, आणि अर्धी दुपार सरल्यावर यायचीस. "एवढा वेळ कायले लागते?" असं बाबांनी विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, "लाइट गेली होती." मला त्या उशिराशी काही घेणंदेणं नव्हतं. मला पाहिजे असायचं गरम पीठ. तू डबा खाली ठेवलास की मी झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घालायचे. तू ओरडायचीस, पण त्या दिवशी तुझा आवाज हलका असायचा, हे आता आठवतं.

आज काय झालं ते सांगते. तू गेल्यावर मी कॉम्प्युटर शिकले, इथेच चंद्रपुरात क्लास काढला, आता लोकांच्या वेबसाइटही करून देते. या आठवड्यात एका मॅडमचं काम आलं. मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करतात त्या. त्यांचं स्वतःचं केंद्र आहे, बरंच जुनं. गावातले लोक त्याला डोक्याचा दवाखाना म्हणतात, आणि तिथे कोणी जाताना दिसलं तर पुढे काय काय म्हणतात ते तुला सांगायला नको. त्यांची वेबसाइट भाच्यानं कधीतरी करून दिलेली. वर पळणारी अक्षरं, खाली फडफडणारी समई, फोन नंबर बंद पडलेला. मॅडमना ती नीट करून पाहिजे होती. नव्या वेळा, हाताखाली आलेल्या नव्या बाई, आणि कोरपन्याहून येणाऱ्या माणसानं स्टँडवरून कसं यायचं तेही.

मला लई उत्साह. कॅमेरा घेऊन गेले. इमारत समोरून अगदीच रुक्ष, पायऱ्या आणि बोर्ड, बस्स. मागच्या बाजूला मात्र भिंतीला भिंत लागून एक गिरणी. कडुनिंबाखाली बाक, बाकावर दळणाला आलेल्या बाया, पुढे डब्यांची रांग, उन्हात उडणारं पीठ. माझ्यातला फोटोग्राफर जागा झाला. 'कसे याल' या पानावर सगळ्यात वर मी तोच फोटो लावला आणि आज मॅडमना दाखवला.

मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. आज चढवला. "हा फोटो काढ. आत्ताच्या आत्ता काढ!"

"अवो मॅडम, किती छान आला आहे! अजून नेटवर टाकला नाई मी."

"टाकूही नको. उद्या यातल्या एखादीच्या सासूनं पाह्यला तं?"

मी हसले. म्हटलं, "सासवा कुठी वेबसाइट पाहतेत?"

"तिचा पोरगा पाहते ना." त्या उठल्या. "चाल, तुले दाखवतो."

त्यांच्या खोलीत पडद्यामागे एक दार आहे, आई. त्यांनी ते उघडलं आणि गिरणीचा आवाज एकदम अंगावर आला. दार सरळ गिरणीच्या मागच्या अंगणात उघडतं. बाया डबा घेऊन गिरणीवर येतात, डबा रांगेत ठेवतात आणि इथून आत जातात. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसतं? बाई दळणाला गेली. गिरणीवाले भाऊ आता म्हातारे झालेत, भुवयांवरही पीठ. मी त्यांना विचारलं की नंबर कसा ठेवता. ते म्हणाले, "झाकनावर निळा ठिपका असला का तो डबा थांबवाचा. बाई आतून आली का मंगच दळाचं. थंड पीठ नेलं तं घरचे विचारतीन ना, इतका वेळ कुठी होती म्हनून. गरम पायजे."

मी खाली पाहिलं. रांगेतल्या दोन झाकणांवर निळ्या ऑइलपेंटचा ठिपका, बोटानं लावल्यासारखा. मी त्या बाकावर बसले.

आपल्या डब्यावरही होता तो. आजही आहे, माझ्या घरी त्यात तांदूळ असतात. बाबा म्हणायचे कूलर रंगवताना शिंतोडा उडाला असेल. एकदा साफसफाई करताना मी रॉकेलचा बोळा घेऊन तो पुसायला बसले तर तू स्वयंपाकघरातून धावत आलीस आणि माझ्या हातावर फटका मारलास. "हात लावू नको त्याले!" तू मला कधी मारत नव्हतीस. एका डागासाठी आईनं मारलं म्हणून मी संध्याकाळपर्यंत रुसून होते.

मी मॅडमना सरळ विचारलं, माझी आई येत होती का. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "इथी कोन येते ते मी कोनाले सांगत नाई. तू आली असती तं तुझ्या आईलेही सांगितलं नसतं." मी म्हटलं, आई नाही आता, कितीक वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "तरी नाई." मला त्यांचा इतका राग आला! म्हटलं, मी तिची पोरगी आहे, मला हक्क आहे. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मग राग तुझ्यावर वळला. आई, मी घरातच होते ना वो! एकाच खोलीत झोपत होतो आपण. मले काऊन नाई सांगितलं? एक दुपार मात्र सारखी डोळ्यांपुढे येते, पोळ्या सुरू व्हायच्या आधीची. मी शाळेतून येते. नळ सुरू आहे, बादली भरून वाहते, पाणी चुलीपर्यंत गेलंय आणि तू त्या पाण्यात उभी, भिंतीकडे पाहत. मी नळ बंद करते, म्हणते, "कुठी हरवली वो आई?" तू दचकतेस, हसतेस, पोतेरं शोधतेस. मी ती गोष्ट चेष्टा म्हणून सगळ्यांना सांगितली. तूही हसलीस. तेव्हा तुला काय होत होतं, हे जगात आता एकाच माणसाला माहीत आहे आणि ते माणूस सांगणार नाही. हे मला सहन होत नाही. आणि त्यांनी सांगितलं असतं तर या दाराला काही अर्थ राहिला नसता, हेही कळतं.

संध्याकाळी पान पूर्ण केलं. 'कसे याल: स्टँडवरून ऑटो मिळतो. गेटमधून आत आल्यावर उजवीकडे बोर्ड दिसेल.' बोर्डाचा फोटो टाकला. गिरणीबद्दल एक अक्षर नाही. मॅडमनी फोनवर वाचून घेतलं आणि म्हणाल्या, झालं, आता बरोबर आहे.

हे लिहिलेलं कुठे पाठवणार, तांदळाच्या डब्यात ठेवीन. एवढंच सांगायचं राहिलं. गिरणीचा फोटो मी पुसून टाकला, पण पुसायच्या आधी तो स्क्रीनवर मोठा केला आणि बाकावरच्या एकेका बाईचा चेहरा पाहिला. गेल्याच आठवड्यात काढलेला फोटो आहे, त्यात तू कुठून असणार. तरी पाहिला. शेवटच्या बाईपर्यंत.