गोरक्षच्या बदल्यात कोण?

सातपूर, नाशिक
६ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. सिंधूस दादाचे अ. उ. आ. इकडे सर्व क्षेम, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही.

भाऊबीजेला आलीस तेव्हा घरात गर्दी, म्हणून बोलायचं राहिलं. मालकांच्या चषकात आमच्या कारखान्याचा हॉकी संघ नागपूरच्या कारखान्याकडून पुन्हा हरला. मालक एकच, कारखाने दोन, आणि नाक दरवर्षी आमचंच कापलं जातं. संघाचा मॅनेजर मी, म्हणून शिव्याही माझ्याच वाट्याला. आमची पोरं चेंडू पार वरपर्यंत नेतात आणि गोलापुढे दर्शनाला आल्यासारखी उभी राहतात.

मोठे साहेब म्हणाले की नागपूरचा सेंटर फॉरवर्ड हवा असेल तर बदल्यात कोण द्यायचा ते सुचवा, बदलीचा हुकूम मी काढतो. तेव्हापासून तोच खेळ डोक्यात चालू आहे. सहादू द्यावा, तर त्याचा गुडघा गेलाय आणि नागपूरकर काही डोळे मिटून घेणार नाहीत. गेणू द्यावा, तर आमची मधली फळी उघडी पडते. दोघेही द्यावेत, तर संघात उरतं कोण? त्यांना खरी गरज गोलकीपरची. आपला गोरक्ष दिला तर ते हसत हसत सेंटर फॉरवर्ड सोडतील, आणि आमच्याकडे गोलात उभा राहायला राखीव गडी झुंबर आहेच. कसंही तोललं तरी काटा तिथेच येऊन थांबतो.

भाचा म्हणून चिकटवून ठेवला, असंही मग कुणी म्हणणार नाही. गोरक्षला अजून सांगितलं नाही, उगाच डोक्यात घेईल. तू दाजींच्या कानावर घाल. तुझी कुसावहिनी बरी आहे, भावाची आठवण काढते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
खंडेराव


विंचूर
११ नोव्हेंबर

ती. दादास सिंधूचा शि. सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून घातला आहे, मनातून नाही.

तुझं पत्र वाचताना चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी उठले नाही. भाऊबीजेला पाटावर बसून माझ्याकडून ओवाळून घेतलंस आणि मनात माझंच पोर तागडीत घालून बसला होतास! आमचे हे बाजार समितीत मापारी, उभा जन्म कांदे तोलण्यात गेला, पण माणूस नाही तोलला त्यांनी कधी. काटा तिथेच थांबतो म्हणे. काटा तुझ्याच हातात, मग तो दुसरीकडे कुठे थांबेल?

तुला हे नवीन नाही म्हणा. आपल्या घरात हा खेळ आधी माझ्यावर झालाय. तुला बायको हवी होती, विंचूरकरांना सून. कुसावहिनी तुला आणि मी तिच्या भावाला. साटंलोटं ठरलं आणि एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकली. आईने मला सांगितलं ते वेणी घालता घालता, तेही उद्या हळद आहे म्हणून. सोळा वर्षांची होते, बोलले नाही. आता बोलते.

साट्यालोट्याचा नियम तुला ठाऊक आहे. एक लेक माहेरी येऊन बसली की दुसरीलाही तिच्या माहेरी न्यायचं. गोरक्षच्या बदलीचा हुकूम निघाला, तर मी पिशवी भरून सातपूरला येते. मग ह्यांना आपली बहीण परत न्यावीच लागेल. भाकरी थापायला बसव तुझ्या सेंटर फॉरवर्डला!

ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांचा राग पत्रात मावणार नाही.

माया होती. ती राहते का, ते तू बघ.
सिंधू


सातपूर
१९ नोव्हेंबर

सौ. सिंधूस आशीर्वाद. रागाने अक्षर वाकडं येतंय, ते तसंच वाच.

तुझं पत्र मी कामावर असताना आलं आणि कुसाने फोडलं. संध्याकाळी घरी येतो तर तिची ट्रंक जागेवर नाही. शेजारच्या चिमणाबाईंकडे निरोप ठेवून गेली की सिंधूने यायची वाट कशाला बघायची, मीच जाते. सिंधूला निदान वेणी घालताना तरी सांगितलं, मला नवरा कोण ते मांडवात कळलं. हे सगळं तू पेटवलंस! एवढ्या वर्षांचा संसार एका पत्राने एस.टी.त बसवलास. आता दोघी चुलीपाशी बसून मला शिव्या देत असाल. साटंलोटं आपल्या आबांनी ठरवलं होतं. मलाही कुणी विचारलं नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षात नाही.

तुझं तोंड बंद करावं म्हणून तसाच मैदानावर गेलो. गोरक्ष पॅड बांधत होता. नागपूरला जातोस का, असं सगळ्यांसमोर विचारलं. तो लगेच हो म्हणाला. वर म्हणाला की इथे गोल अडवला तरी मामाचा भाचा आणि सोडला तरी मामाचाच भाचा, तिथे निदान मला माझ्या नावाने शिव्या देतील. मी त्याला कृतघ्न म्हणालो. पॅड तिथेच टाकून तो निघून गेला, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

खरं सांगतो, तो नाही म्हणेल या भरवशावर मी विचारलं. कागदावर त्याला देऊन टाकताना काही वाटलं नव्हतं. त्याच्या तोंडून हो ऐकलं, आणि त्याने टाकलेले पॅड मीच उचलून घरी आणले. महिनाअखेर साहेबांना नाव द्यायचं आहे. आईची परवानगी नाही, एवढी एक ओळ लिहून पाठव. ती दाखवून मी मोकळा होतो. तू जिंकलीस, झालं समाधान?

भांडलो तरी भाऊच आहे, विसर पडू देऊ नये.
खंडेराव


विंचूर
२५ नोव्हेंबर

ती. दादास न. वि. वि.

कुसावहिनी इथेच आहे. शिव्या द्यायला आम्हांला सवड नाही, शेतात खुरपणी चालू आहे. ती परत येईल का, हे मला विचारू नकोस आणि ह्यांना तर मुळीच नको. स्वतः ये आणि तिच्यासमोर उभं राहून तिला विचार. नाही म्हणाली तर जेवून परत जा.

तुला लाज कशी वाटत नाही, दादा? पोर देताना मला विचारलं नाहीस, आणि ठेवायची वेळ आली तर माझ्या पदराआड लपतोस. ती ओळ मी लिहिणार नाही. गोरक्ष हो म्हणाला हे वाचलं. आईला न विचारता हो म्हणालाच कसा, म्हणून इथे भांडी आपटली. कुसावहिनी म्हणाली की जायचं त्याला आहे, विचारलंही त्यालाच, मग तू का आपटतेस? तिच्यावरही चिडले. पण भांडी आपटायची थांबवली.

साहेबांना त्याचं नाव दे. त्याची स्वतःची इच्छा आहे असं लिही. आणि नागपूरच्या त्या सेंटर फॉरवर्डला कुणी विचारलंय का, तेही बघ. त्यालाही आई असेल.

आणखी एक. तुझं घर बसावं म्हणून विंचूरला जातेस का, असं आबांनी किंवा तू मला तेव्हा एकदा विचारलं असतंत, तर मी हो म्हणाले असते. तुझ्यासाठी हसत म्हणाले असते, दादा. तेवढं मला म्हणू दिलं नाहीत, त्याचा राग आहे, आणि तो मी मरेपर्यंत राहणार.

लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.
सिंधू