लाइट नसतानाचं पाणी

सोम., ४ मार्च
आज आपल्या भागात पाणी, सहा दिवसांनी. मुक्ता सातलाच गेली, दोन गल्ल्या सोडून मुलींचं नवं वसतिगृह होतंय तिथं. आग लागली तर रस्त्यावरच्या मोठ्या लाइनीतून किती पाणी, किती जोरात मिळेल याचा अंदाज काढायचा. त्या लाइनीत रोज पाणी असतं. पण गल्ल्यांना सुटतं त्या दिवशी ओढ जास्त, म्हणून माप आजच. लेकीचं इंजिनियर म्हणून पहिलं स्वतंत्र काम. अडीच किलो प्रेशर, पाणी सोडल्यावरही दोन! म्हणाली, वेगळी टाकी नको, लाइन पुरते. खाली तिची सही. उगाच दोनदा वाचला रिपोर्ट.

मंगळ., ५
जेवताना सहज बोलून गेले, काल लाइट नव्हती, तरी पाणी मोटारीशिवाय आपोआप वर चढलं. मुक्ताचा घास हातातच.
"कधी गेली होती?"
"सात ते आठ."
तिचं माप साडेसातचं. गल्लीतल्या साऱ्या मोटारी बंद असतानाचं. नळाला थेट मोटार लावून लाइनीतलं पाणी ओढायची इथली सवय, आमचीही. खजील झाले.

बुध., ६
तिच्या साहेबांचा फोन, स्पीकरवर. "रीडिंग खोटं नाही ना? मग झालं. टाकीच्या जागेत मालकाच्या दोन खोल्या निघतायत."
"सर, आग काय लाइट गेल्यावरच लागणार?"
साहेब म्हणाले, "मोज परत. जबाबदारी तुझी."

रवि., १०
पाणी. लाइट होती. शहाणपणानं आमची मोटार बंद करायला गेले, तर मुक्ता ओरडली, "चालू ठेव आई! रोजच्यासारखंच पाहिजे."
मागोमाग गेले बघायला. काटा पाऊण किलोवर. पाणी सोडायला लाइनीचं दुसरं तोंड उघडलं आणि खालीच बसला. पाणीखात्याचे लाइनमन रफिकभाई हसले, "पिछली बार तो उड रहा था, बेटी. सोताचाच रिपोर्ट फाडायला आली व्हय?"
"व्हय चाचा."
भर रस्त्यात डोळे भरले माझे.

सोम., ११
नव्या रिपोर्टचं पहिलंच वाक्य: आधीचे माप ही माझी चूक. टाकी हवीच, हे दुसरं. म्हटलं, चूक शेवटी टाक की. "शेवटचं कोण वाचतं, आई?" इतकी वर्षं ही डायरी लिहितेय, असं पहिलं वाक्य मला नाही जमलं.

शनि., १६
साहेबांचं उत्तर नाही. आज पाणी आलं, मोटार लावली नाही. बारीक धार. मुक्ता घड्याळ घेऊन बादलीपाशी, किती वेळात भरते ते मोजत.
संध्याकाळी वसतिगृहावरून आले. मागच्या जागेत चुन्यानं चौकोन आखलाय. टाकीचा, की खोल्यांच्या पायाचा, रस्त्यावरून कळेना.